कायमचा हुकूम

टॅरोच्या, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य सांगायच्या, वर्गाला नाव घातलं तेव्हा पहिल्याच दिवशी ७८ पानांचे अर्थ पाठ करायला सांगितले. ही विद्या फॅरोंच्या इजिप्तमधली, असंही सांगितलं. महिनाभर घोकलं. चाळिसाव्या पानापर्यंत पोचले की पहिली दहा विसरलेली. शेवटी एका दुपारी रडकुंडीला येऊन सगळा जोड सतरंजीवर पसरला.

आत्या शेजारी शेंगा सोलत होती. मेंढीकोटात तिचा हात कुणी धरत नाही. पानं बघून तिनं विचारलं, "यात हुकूम कुठला गं?"

त्या प्रश्नानं गाठ सुटली. आम्ही दोघींनी रांगा लावल्या. चषक, नाणी, तरवारी, काठ्या असे चार रंग. प्रत्येकात एक्का ते दश्शी, वर गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा. चौदा चोक छप्पन्न. उरली २२. त्यातली २१ आकडेवार चढत जाणारी, म्हणजे कायमचा हुकूम. बाविसावा तो गाठोडंवाला 'मूर्ख'. त्याला उतारीचा रंग पाळायची सक्ती नाही, म्हणून फ्रान्समध्ये आजही खेळताना त्याला 'एक्सक्यूज', म्हणजे माफी म्हणतात.

मग वाचतच सुटले. टॅरो जन्मला तोच खेळ म्हणून, पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत. हुकमाच्या पानांना तिथं 'त्रियोंफी' म्हणत. १४४० साली फ्लॉरेन्समध्ये त्यांची नोंद आहे. इंग्रजीतला 'ट्रम्प' त्यातूनच आला. इजिप्तचा संबंध आहे, पण तो मामलुक सुलतानांच्या पत्त्यांशी. त्यांच्या पानांवरची पोलोची काठी युरोपात नुसती काठी झाली. फॅरोंची कथा १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ यांनी लिहिली. तेव्हा इजिप्तची जुनी चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती.

मला सगळ्यात जड गेलेलं पान होतं तरवारींची तिर्री: लाल काळीज, त्यात घुसलेल्या तीन तरवारी, मागे पाऊस. १९०९ च्या जोडासाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी आकड्यांच्या पानांवरही अशी दृश्यं काढली. मार्सेयच्या जुन्या जोडांत तिथं फक्त मोजून तीन तरवारी असतात. मिलानच्या सरदारांसाठी रंगवलेल्या विस्कोंती-स्फोर्झा जोडातली ७४ पानं उरलीत, आणि हरवलेल्या चारांत हीच तिर्री आहे. हे कळल्यावर ते पान कधी विसरले नाही.

त्या रात्री आत्या, चुलतबहीण आणि मी खेळायलाच बसलो. आत्यानं तरवारींच्या सत्तीची उतारी केली. माझ्याकडे तरवार नव्हती, मी अठराव्या चंद्रानं कापलं. बहिणीनं एकोणिसावा सूर्य टाकून हात उचलला.