22 ग्रॅमचे 15 ग्रॅम

"सर, ड्रॅग कमी येतोय," माझी विद्यार्थिनी म्हणाली, आणि मी मान वर न करताच सांगितलं, "शून्य परत घे."

विंड टनेल म्हणजे बोगद्यात वारा सोडून मॉडेल तपासायची सोय, आणि ड्रॅग म्हणजे त्या वाऱ्याची मॉडेलला मागे ओढ. अशा लॅबमध्ये 21 वर्षं काढली की हे उत्तर आपोआप तोंडात येतं. ही ओढ मोजणारा लोड सेल तापून सरकतो, कुणाचं कोपर टेकतं, मॉडेलचा स्क्रू सैल राहतो. बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो.

तिने शून्य परत घेतलं. वारा सेकंदाला 12 मीटर, पंखाचा कोन 4 अंश. आकडा आला 15 ग्रॅम. सकाळी याच मॉडेलवर, याच वाऱ्यात, याच कोनात 22 ग्रॅम नोंदवलेले होते. मी खुर्चीतून उठलो.

मॉडेल माझ्या हातचं होतं. सागवानी लाकडाचा पंख, नॅका 4415 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठरावीक छेदाचा. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत 150 मिलिमीटर, आणि लांबीला 600, म्हणजे टनेलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मध्ये जेमतेम फट. मोकळी टोकंच नसल्याने टोकांवरून वळसा घेणाऱ्या हवेचा इंड्यूस्ड ड्रॅग इथे जवळपास येत नाही. उरतो तो छेदाच्या आकाराचा आणि पृष्ठभागाच्या घर्षणाचा. म्हणून तर मी ते 600 नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून, वर लॅकरचे चार हात दिले होते. बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं लागायचं.

आता त्यावर मास्किंग टेप होती. जेवणाच्या सुट्टीत मॉडेल बाहेर काढताना चौकटीला लागलं आणि पुढच्या कडेच्या थोडं मागे, वरच्या अंगाला खाच पडली. तिने खाचेवर पट्टी लावली. खाचेपुरतीच लावली असती तर तेवढ्याच भागातला प्रवाह वेगळा झाला असता, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पट्टी. खाच हाताला लागेनाशी होईपर्यंत एकावर एक तीन थर. सगळे मिळून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने पूर्ण लांबीचा विचार केला, याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं आणि आजही वाटतं.

पण गुळगुळीत पंखावर उंचवटा आल्यावर ड्रॅग वाढायला हवा. मी तरी वर्षानुवर्षं तेच शिकवत आलो होतो. आम्ही टेप काढली: 22. परत लावली: 15. तीन वेळा केलं. मग मी लॅबच्या शिपाईमामांना दवाखान्यात पाठवून स्टेथोस्कोप मागवला.

ही युक्ती मला माझ्या वरिष्ठांनी दाखवली होती. इंजेक्शनच्या सुईएवढी बारीक स्टीलची नळी घ्यायची, तिचं उघडं तोंड वाऱ्याकडे करून पंखाच्या अंगाला टेकवायचं, आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळीने स्टेथोस्कोप जोडायचा. पृष्ठभागालगतची हवा शांत, थराथराने सरकत असेल तर कानाला फारसं काही येत नाही. ती घुसळलेली असेल तर तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर ऐकू येते.

टेपशिवाय नळी मागे मागे सरकवत नेली. पंख्याची घरघर तेवढी लांबून. पुढचा निम्मा भाग शांत. त्याच्या मागे सुईत जोरच नाही, हवा पृष्ठभाग सोडून निघून गेलेली. मग टेप लावली. टेपच्या पुढे शांत, आणि टेप ओलांडून बोटभर मागे गेलो तर चरचर सुरू, ती जवळजवळ मागच्या कडेपर्यंत. मी स्टेथोस्कोप तिच्या कानाला लावला. तिने डोळे मिटून ऐकलं. "सर, हवा चिकटून राहिलीये," ती म्हणाली. यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

होतं ते असं. पंखाच्या वरच्या अंगावर हवा आधी उतारावरून धावल्यासारखी कमी दाबाकडे जाते, पण जाडीचा भाग ओलांडला की पुढे दाब वाढत जातो, म्हणजे चढ लागतो. पृष्ठभागालगतच्या शांत थरात तो चढ चढण्याइतका दम नसतो. ती हवा मध्येच पंख सोडते, मागे रुंद मोकळी जागा राहते, तिथला दाब पडतो आणि पंख मागे ओढला जातो. टेपच्या उंचवट्याने हा थर घुसळला जातो, वरची वेगवान हवा खाली येते आणि खालच्या हवेला चढ चढवून नेते. घुसळलेल्या हवेचं घर्षण जास्तच असतं, पण मागची ओढ त्याहून कितीतरी कमी होते. आमची 7 ग्रॅमची कमाई त्या दोन्हींच्या वजाबाकीतली.

क्रिकेटच्या चेंडूची शिवण एका बाजूची हवा अशीच घुसळते आणि चेंडू वळतो. गोलाच्या बाबतीत तर हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. मनोरावाल्या आयफेलने 1912 मध्ये पॅरिसच्या आपल्या टनेलमध्ये मोजलं, तर ठरावीक वेगाच्या पुढे गोलाचा ड्रॅग गुणांक (वेग आणि आकारमान यांचा हिशेब काढून टाकल्यावर उरणारं ड्रॅगचं माप) एकदम उतरत होता. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या प्रयोगशाळेचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त होता. तिथल्याच प्रांटल या शास्त्रज्ञाने 1914 मध्ये गोलाभोवती बारीक तारेचं कडं बसवलं आणि ड्रॅग खाली आला. म्हणजे पॅरिस आणि गॉटिंगेन, दोघांचीही मापं बरोबर होती, फक्त एकाकडे थर घुसळलेला होता आणि दुसऱ्याकडे शांत. हा प्रसंग मी दर वर्षी वर्गात सांगतो. माझ्याच सागवानी पंखावर तो लागू पडेल हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिचा पुढचा प्रश्न सरळ होता: "मग विमानांना पट्ट्या का नाही लावत?"

मी वारा 30 मीटरवर नेला. टेपशिवाय 63 ग्रॅम. टेप लावून 74. तोच पंख, तीच टेप, निकाल उलटा. 12 मीटरला, पुण्याच्या मार्चमधल्या विरळ गरम हवेत, आमचा रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि पंखाची रुंदी यांच्यापुढे हवेचा चिकटपणा किती कमी पडतो, याचं माप) एक लाखाच्या आसपास होता. 30 मीटरला तो अडीच लाखांवर गेला. तिथे हवेला स्वतःचाच दम पुरतो, टेप नुसता अडथळा होते. ताशी 100 किलोमीटरने जाणाऱ्या ग्लायडरच्या पंखाला हाच आकडा दहा लाखांच्या पुढे असतो. म्हणून ग्लायडरवाले पुढच्या कडेवर चिकटलेले किडे पुसून काढतात, आणि काहींच्या पंखांवर उडता उडता किडे खरवडायची दोरीची सोय असते. तेच लोक पंखाच्या खालच्या अंगाला, मोजूनमापून ठरवलेल्या जागी, नागमोडी टेपही लावतात. कुठे पुसायचं आणि कुठे लावायचं हे पंखाचा आकार, वेग आणि जागा ठरवते.

संध्याकाळी लॅब बंद करताना मला दहा-अकरा वर्षांपूर्वीचा एक गट आठवला. त्यांचाही ड्रॅग कमी आला होता. मी त्यांच्या जर्नलवर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि मॉडेल स्वच्छ पुसून परत रीडिंग घ्यायला लावलं. पुसल्यावर "बरोबर" आकडा आला, मी सही केली, विषय संपला. का कमी आला होता, हे मी त्यांना विचारलंच नाही. ते माझ्या मनाला फार लागलं.

त्या बॅचमधल्या एकाचा नंबर माझ्याकडे होता. रात्री फोन केला. आज काय झालं ते सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या मॉडेलवर काही लावलेलं होतं का रे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो सर. कोन मोजायला खूण म्हणून आम्ही एक दोरा चिकटवला होता. पूर्ण लांबीभर."

"पुढच्या कडेपासून किती अंतरावर?"

"पाव."

मी वही उघडली आणि उद्याच्या प्रयोगात दोरा लिहून ठेवला.