फोन दुरुस्तीला दिला, पिन दिला नाही

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात पावती करताना नाव, नंबर, मॉडेल लिहून झालं की खाली एक चौकट असते. तिच्यात नऊ ठिपके छापलेले असतात. तिथं आपला पॅटर्न बाण काढून दाखवायचा, नाहीतर शेजारच्या रेघेवर पिन लिहायचा. माझं घोडं या चौकटीपाशी अडलं. आजही आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहितेय.

फोन सॅमसंगचा. वापरून वापरून चार्जिंगचा जॅक सैल झालेला, बाकी ठणठणीत. गौरी-गणपती तोंडावर आलेले, म्हणजे माझ्या शिवणकामाची ऐन घाई. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात जॅक बदलून मिळतो कळलं. गेले, दर ठरला, संध्याकाळी द्यायचं कबूल झालं. इथवर कसलाच त्रास नाही.

मग काउंटरवरच्या पोरानं पावती पुढं सरकवली. "वैनी, पॅटर्न काढा हितं."

"जॅक बदलायला पॅटर्न कशाला?"

"टेस्टिंगला लागतोय की."

"चार्जर लावल्यावर लॉक असतानाच चार्जिंगची खूण दिसते. तेवढी बघा आणि द्या."

"माइक बी त्याच पट्टीवर असतोय, त्यो बघाय नको? सगळी देत्यात वो वैनी. तुमीच एकट्या इचारालाय."

माइकचं त्याचं म्हणणं खरं होतं. बऱ्याच फोनमध्ये जॅक आणि खालचा माइक एकाच छोट्या बोर्डवर असतात, त्यामुळे जॅक बदलल्यावर कॉल लावून बघावा लागतो. आणि सगळी देतात हेही खरं. त्याच्या कोपराजवळच्या ट्रेमध्ये दुरुस्तीला आलेले फोन होते, प्रत्येकाला रबरबँडनं त्याची पावती गुंडाळलेली. वरच्याच पावतीवर कुणा माणसाचं नाव, मोबाईल नंबर आणि नऊ ठिपक्यांतून काढलेला बाणांचा पॅटर्न, सगळं मला उभ्या जागेवरून वाचता येत होतं. माझ्यामागं उभ्या असलेल्यालाही येत असणार. मी ते पोराला दाखवलं. त्यानं तो फोन तेवढा पालथा घातला.

माझ्या फोनमध्ये काय आहे ते सांगते. बायका मला व्हॉट्सॲपवर मापं पाठवतात. ब्लाऊज घालून समोरून, पाठीमागून काढलेले फोटो पाठवतात, "गळा इथं ओढतोय बघा" म्हणून. लग्न ठरलेल्या मुली ट्रायलचे फोटो पाठवतात. नवऱ्यालाही दाखवणार नाहीत असे फोटो त्या माझ्या भरवशावर पाठवतात. तो पिन मी एकटीचा म्हणून कसा लिहून देऊ? आणि स्क्रीनचा पिन म्हणजे नुसतं बाहेरचं दार नसतं. फोनमध्ये साठवलेले पासवर्ड बघायला तोच पिन चालतो, नवीन बोटाचा ठसा फोनमध्ये घालायलाही तोच. एकदा कुणी आपलं बोट आत घातलं की मग पिन बदलूनही ते बोट तिथंच राहतं.

तेवढ्यात मालक आले. त्यांचं म्हणणं, "ताई, फोन घेऊन गेल्यावर बदला की पिन. नाहीतर रिसेट मारून द्या." दुपारभरात जे कॉपी होईल ते पिन बदलून परत येतं का? आणि रिसेट मारायचा, म्हणजे फोनमधलं सगळं पुसायचं, तर ऐन सणात सगळ्या ऑर्डरी परत बसवत बसायचं का? मी दोन्हीला नाही म्हटलं. मालक म्हणाले, मग घेत नाही. उद्या तुम्ही माइक चालत नाही म्हणून आलात तर जबाबदारी कुणाची? त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती, पण दुसरा मार्ग आहे का हे बघायची कुणाचीच तयारी नव्हती आणि माझा राग त्याचाच आहे. मागं रांग थांबलेली. एक गृहस्थ तर म्हणाले, "लपवण्यासारखं काय नसंल तर द्या की." त्यांना मी उत्तर दिलं नाही. इथं सांगते: माझ्याकडं लपवण्यासारखं नाही, जपण्यासारखं आहे.

फोन उचलला आणि लक्ष्मीपुरीत दुसऱ्या दुकानात गेले. तिथं पावती नव्हती, वही होती. एका पानावर एकाखाली एक सगळ्यांचे पिन. तिथून नुसतीच परतले.

रात्री भाचीला फोन लावला, ती कॉम्प्युटर शिकतेय. ती म्हणाली, मावशी, हे आपल्याकडंच नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅपटॉपमध्ये गुपचूप नोंद ठेवायची सोय करून ते दुरुस्तीला दिले होते. 2022 साली त्यांनी जाहीर केलं की सहा दुकानांत खासगी माहिती उघडून बघितली गेली आणि त्यातल्या दोन ठिकाणी ती कॉपीही केली गेली. हे ऐकून राग वाढलाच, पण पुढं ती म्हणाली ते कामाचं निघालं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 2022 पासून मेंटेनन्स मोड आहे. सेटिंग्जमध्ये बॅटरी आणि डिव्हाइस केअर, किंवा नुसतं डिव्हाइस केअर, अशा नावाखाली सापडतो. तो चालू केला की फोन बंद होऊन परत सुरू होतो आणि नवा कोरा असल्यासारखा दिसतो. आपले फोटो, मेसेज, ॲप, खाती, काही दिसत नाही. कॅमेरा, माइक, टच सगळं तपासता येतं. बाहेर पडायला मात्र आपलाच पिन किंवा बोट लागतं.

आता अडचण अशी की बॅकअप घ्यायचा तर बॅटरी हवी आणि जॅक तर चार्ज घेईना. केबल एका ठराविक कोनात दाबून धरली की जेमतेम घ्यायचा. मी केबलवर माझी कापड कापायची मोठी कात्री ठेवली. तिच्या वजनानं केबल बरोबर दबली आणि पहाटेपर्यंत फोन भरला. बॅकअप घेतला, मोड चालू केला, सिम काढलं. मेमरी कार्ड असलं तर तेही काढून घरी ठेवा. सिम तर काढायचंच, सगळे ओटीपी त्याच्यावरच येतात. कॉल लावून बघायला दुकानदाराकडं स्वतःचं सिम असतं.

परत राजारामपुरीत गेले. नऊ ठिपक्यांच्या चौकटीत मी मोठ्या अक्षरांत "मेंटेनन्स मोड चालू, पिन नाही" लिहिलं. मालकांनी फोन हातात घेतला, गॅलरी उघडली, रिकामी. कॅमेरा उघडला, चालला. "हे असतंय व्हय फोनमध्ये?" म्हणाले आणि पोराला हाक मारून दाखवलं. संध्याकाळी माझ्यासमोर कॉल लावून माइक दाखवला, साडेसहाशे घेतले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खरं सांगते.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा सांगते. पावतीवर आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की तो दिसतो. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो बंद करायला हाच नंबर लागतो. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये डिसेंबर 2023 पासून रिपेअर मोड आहे, काम तेच. आयफोनवाल्यांना ॲपल खात्याचा पासवर्ड मागितला तर तो कुणाला सांगू नका, काही बंद करायचं असेल तर स्वतःच्या हातानं टाका.

फोन आधीच पिन सांगून दिलेला असेल तर घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये बोटांच्या ठशांची यादी बघा, आपलं नसलेलं बोट काढून टाका आणि मग पिन बदला. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी काही दिसलं तर तिथल्या तिथं लॉगआउट करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावला नसेल तर लावा. पैसे गेल्याचं दिसलं तर दुकानात भांडायला जायच्या आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

एकच अडचण उरते. फोन पूर्ण बंद पडला असेल, स्क्रीनच लागत नसेल, तर हा मोड चालू करता येत नाही. तेव्हा मी तरी दुकानात समोर बसून काम करून घेईन आणि फोन सुरू झाला की पिन माझ्या हातानं टाकीन, मग तिथं दोन तास बसावं लागलं तरी चालेल.