हुरड्याचा हंगाम सप्टेंबरातच ठरतो

हुरड्याला पाहुणे येतात जानेवारीत, पण त्यांच्या हातावर काय पडणार हे सप्टेंबरातच ठरून जातं. सगळी ज्वारी एकाच दिवशी पेरली तर ती एकदमच हुरड्यात येते, आठ-दहा दिवस गोड लागते आणि निबर होते. मग पुढच्या पाहुण्यांसाठी बाजारातून कणसं आणायची वेळ येते. तोडून दिवस उलटलेल्या कणसात ती गोडी राहत नाही. शेतावर बोलावून तसला हुरडा कुणाच्या पुढ्यात ठेवू नये.

म्हणून पेरणी टप्प्यांनी करायची. भाकरीला मालदांडी ज्वारी उत्तम, पण हुरड्याला गुळभेंडी किंवा राहुरी विद्यापीठाची फुले उत्तरा, फुले मधुर घ्यावी. दाणा गोड आणि बोंडातून, म्हणजे दाण्यावरच्या टरफलातून, सहज सुटणारा. साधारण ९५ दिवसांत हुरडा येतो. २० सप्टेंबरची पेरणी नाताळला तयार, पुढे दर दहा दिवसांनी एक तुकडा. २० ऑक्टोबरनंतर मात्र पेरू नये. तो तुकडा ऐन थंडीत फुलोऱ्यात येतो, कणसात दाणा नीट भरत नाही आणि कोवळेपणी खोडमाशीने पोंगेमर, म्हणजे मधला कोंब वाळणं, तेही जास्त होतं.

तुकडा केवढा ठेवायचा? ४५ बाय १५ सेंटीमीटरवर गुंठ्याला सुमारे १५०० ताटं बसतात. पोंगेमर आणि पाखरं वजा जाता हाती हजार कणसं धरावीत. एका कणसात ७० ते ९० ग्रॅम हुरडा निघतो, एक माणूस पाव किलो सहज खातो, म्हणजे माणशी तीन-चार कणसं. रोज ४० पाहुणे दहा दिवस येणार असतील तर दीड गुंठा पुरतो, पण तीन गुंठे पेरावेत. गोड वाणावर पाखरांचा डोळा आधी असतो. कणीस चिकात आलं, म्हणजे दाण्यात दूध भरलं, की राखण सुरू. गोफण नाही तर जाळी, पण त्यात खंड पडला की दोन सकाळींत कणसं रिकामी होतात. कणीस निसवल्यावर, म्हणजे पोग्यातून बाहेर पडल्यावर, कसलीही फवारणी नको. मावा पडून पानांवर चिकटा दिसला तर ती ताटं वैरणीला काढा, पाहुण्यांना नको.

तोडायच्या आधी कणसाच्या मधला एक दाणा नखाने दाबून बघा. पातळ दूध उडालं तर अजून चिकात आहे, चार दिवस थांबा. घट्ट साय निघाली आणि साल हिरवी असेल तर हाच हुरडा. नख रुतलंच नाही तर ते कणीस भाकरीसाठी ठेवा. दव वाळल्यावर तोडा; ओलं कणीस भाजत नाही, वाफतं.

आगटीची, म्हणजे कणसं भाजायच्या खड्ड्याची, जागा वारा बघून ठरवायची. कडब्याची गंजी वाऱ्याच्या खालच्या अंगाला कधीच नसावी, आणि भरलेली घागर हाताशी हवीच. वीतभर खोल, दोन फूट रुंद खड्ड्यात गोवऱ्या पेटवून अर्धा-पाऊण तास थांबायचं. ही घाई सगळ्यात नडते. जाळावर कणीस धरलं की बोंड काळं आणि दाणा आत कच्चा. धूर थांबून फुफाटा झाला की देठ बाहेर ठेवून कणसं त्यात खुपसायची आणि फिरवत राहायची. तीन-चार मिनिटांत खमंग वास सुटतो. दाणा तडतडला तर उशीर झाला.

गरम असतानाच गोणपाटावर चोळायचं, कारण गार कणसाचं बोंड दाण्याला चिकटून बसतं. चोळणाऱ्याचे तळवे पोळतात. एका आगटीला दोन माणसं आलटून पालटून ठेवा. सुपात एकदा पाखडून हुरडा लगेच हातावर. सोबत शेंगदाण्याची, लसणाची, जवसाची चटणी, दही, गूळ आणि शेवटी ताक.

आणखी एक, आणि हे विसरून चालत नाही. कणसं काढल्यावर ताटं कापली की खोडाला ओलीवर कोवळे फुटवे येतात. जनावरांनी ते खाल्ले तर किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि जनावर तासाभरात दगावू शकतं. पाहुण्यांची मुलं हौसेने गाईला हिरवं भरवतात, तेव्हा गाईसाठी लसूणघास किंवा मक्याची वैरण वेगळी काढून ठेवा आणि कापलेल्या तुकड्याला दोरी बांधा.