आंबट आहे, पण कसं आंबट?

सहा वर्षं मी काउंटरच्या आत उभी राहून कॉफी केली. दूध फेसाळलं, हवा दमट झाली की ग्राइंडरशी भांडले, आणि कुणी विचारलं की पाकिटावरचं वाचून दाखवलं: "यात जर्दाळू लागेल, शेवटी थोडा मध." लागायचा का? समोरच्याला ठाऊक नाही, मला तर त्याहून नाही. पुढे टाचा दुखायला लागल्या तेव्हा डोकं चाललं. या धंद्यात काउंटरच्या बाहेर कोण कोण असतं याची चौकशी सुरू केली. हिरव्या बिया विकत घेणारे, भाजणारे, मशीन दुरुस्त करणारे, नमुने चाखून गुण देणारे. मला शेवटचं काम हवं होतं, आणि त्याचा सगळ्यांना ठाऊक असलेला दाखला म्हणजे क्यू ग्रेडरची परीक्षा.

मी दिली ती जुन्या रूपातली, कॉफी क्वालिटी इन्स्टिट्यूटची, सहा दिवसांची. २०२५ मध्ये हा कार्यक्रम स्पेशालिटी कॉफी असोसिएशनकडे गेला आणि मूल्यमापनाची पद्धतही बदलली. तेव्हा आता बसणाऱ्यांनी माझ्या तपशिलांवर विसंबून तयारी करू नये.

तीन महिने स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. साखर, मीठ आणि सायट्रिक अॅसिड वेगवेगळ्या प्रमाणात पाण्यात विरघळवायचं, कपांच्या बुडाला खुणा करायच्या, कप फिरवायचे आणि ओळखायचं. एकेक चव सोपी असते. दोन-तीन एकत्र केल्या की घोळ सुरू होतो, कारण साखर आंबटपणाला झाकून टाकते आणि आपण छातीठोकपणे "कमी आंबट" लिहून मोकळे होतो. घरातल्यांना वाटलं हिला काहीतरी झालंय. अत्तर बंद, वासाचा साबण बंद, आणि जिथे तिथे थुंकायचे कप.

वर्गात आम्ही सहा जण. एक भाजणारा, दोघं खरेदीतले, एक कुंभारकाम करणारा, मी, आणि माझ्या शेजारी एक चित्रकार बाई. कुंभाराला पास-नापासाशी देणंघेणं नव्हतं. तो कपिंगचे, म्हणजे नमुने चाखून तपासायचे, वाडगे घडवायचा आणि ते वापरणारी माणसं नेमकं काय करतात ते त्याला बघायचं होतं. चित्रकार बाई कॉफीच्या पाकिटांवरची चित्रं काढायची. "सगळ्यांना डोंगर आणि फुलं हवी असतात," ती म्हणाली. "आत काय आहे ते कळल्याशिवाय मी आणखी एक डोंगर काढणार नाही."

पहिल्या दिवशी कपिंग. ८.२५ ग्रॅम दळ, १५० मिली पाणी, पाण्याचं तापमान साधारण ९३ अंश. वर दळाचा थर जमतो, तो चार मिनिटांनी चमच्यानं फोडायचा, आणि फोडताना नाक जवळजवळ कपात. मग चाखायचं, तेही जोरदार भुरका मारून, म्हणजे कॉफी तोंडभर फवारली जाते आणि वास मागच्या बाजूनं नाकात चढतो. आवाज न करता प्यायचे लहानपणीचे सगळे संस्कार त्या टेबलाशी गळून पडले. एका नमुन्याचे पाच कप मांडतात. का, ते मला तिथेच कळलं: एखादी सडकी बी एकाच कपात जाते, एकच कप मांडला तर तुम्ही एक तर पूर्ण पोत्याला नापास कराल, नाहीतर खोट तुमच्या हाती लागणारच नाही.

त्या पद्धतीत शंभरपैकी ८० गुण मिळाले की ती कॉफी स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची. एका नमुन्याला मी दिले ८६. टेबलावर बाकीच्यांचे आकडे ८२च्या आसपास. मी मनात म्हटलं, यांना कळत नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी माझा कागद उचलला. "आवडली तुम्हाला?"

"खूप."

"ते दिसतंय. सगळ्या रकान्यांत दिसतंय."

खरंच तसं होतं. सुगंधावर भाळले होते, आणि ते भाळणं तोंडातल्या जाडपणात, समतोलात, मागे उरणाऱ्या चवीत, सगळीकडे पाझरलं होतं. प्रत्येक रकान्यात पाव-अर्धा गुण जास्त. काउंटरवर सहा वर्षं हेच तर विकत होते मी: माझं आवडणं. कॉफी थंड झाल्यावर मॅडमनी पुन्हा चाखायला लावली. गरम असताना झाकलेला एक कोरडा, कागदासारखा शेवट आता सरळ समोर आला. मी चार गुण खाली उतरले, आणि मानही.

हिरव्या बियांची परीक्षा मात्र मला आवडली. ३५० ग्रॅम बिया पसरायच्या, काळ्या, आंबलेल्या, किडलेल्या, फुटक्या वेगळ्या काढून मोजायच्या. तांदूळ निवडल्यासारखं. त्यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही, बसून करायचं काम आहे आणि माझ्या टाचांना ते मानवलं.

वासाच्या ३६ बाटल्यांनी सगळ्यांचा घाम काढला. भाजलेले शेंगदाणे आणि भाजलेले हेझलनट मी दोनदा उलटे लावले. तीन कपांतला वेगळा कप ओळखायची परीक्षा लाल दिव्याखाली होते, म्हणजे रंगावरून चोरी करता येऊ नये. अर्ध्या तासानं त्या उजेडात स्वतःचे हातही परके वाटायला लागतात.

आणि मग आम्लं. समोर फिक्या कॉफीचे चार कप, त्यांतल्या दोनांत एकच आम्ल मिसळलेलं. कुठले दोन, आणि आम्ल कुठलं: सायट्रिक, मॅलिक, फॉस्फोरिक की अॅसेटिक. असे संच एकामागून एक. मी पाठांतर केलं होतं: सायट्रिक म्हणजे लिंबू, मॅलिक म्हणजे हिरवं सफरचंद, अॅसेटिक म्हणजे व्हिनेगर, फॉस्फोरिक म्हणजे कोला. प्रत्येक कपात मी लिंबू शोधत बसले. आणि गंमत अशी की शोधलं की सापडतं. लिंबू म्हटलं की लिंबू लागतं, सफरचंद म्हटलं की सफरचंद. तिसऱ्या संचापर्यंत माझी जीभ माझ्याच सुचवण्यांवर मान डोलवत होती. नापास.

त्या संध्याकाळी भिंतीवरच्या चवींच्या चक्राकडे, म्हणजे कॉफीच्या चवींची नावं गोलात मांडलेल्या तक्त्याकडे, मी रागानं बघत होते. ते चक्र पहिल्यांदा १९९५ साली आलं आणि २०१६ मध्ये नव्यानं बनवलं गेलं. नव्या चक्रामागे वर्ल्ड कॉफी रिसर्चचा एक शब्दकोश आहे, त्यात प्रत्येक शब्दासमोर चाखायला किंवा हुंगायला एक खरी वस्तू आणि ती किती तीव्र मानायची त्याचा आकडा दिलेला असतो. म्हणजे "लिंबू" म्हणजे तुमच्या आठवणीतलं लिंबू नव्हे, टेबलावर ठेवलेलं हे लिंबू. मी नुसते शब्द घेऊन आले होते, वस्तू घरीच राहिल्या होत्या.

शेजारीण, ती चित्रकार बाई, तिची वही घेऊन आली. तीही नापास झाली होती, पण तिच्या वहीत एक अक्षर नव्हतं. नुसत्या रेषा. एक सरळ वर चढून तितकीच झटकन खाली आलेली. एक टेकडीसारखी गोल, आणि मागे लांब शेपूट. एक आडवी, थरथरती. आणि एक जी तोंडात राहतच नव्हती, नाकाच्या दिशेनं वर पळत होती.

"ही टोकदार कुठली?" मी विचारलं.

"नाव मला नको सांगूस, तू चाख," ती म्हणाली. दुपारपर्यंत आम्ही एकमेकींना अहो-जाहो करत होतो, एकत्र नापास झाल्यावर ते आपोआप सुटलं.

सरावाच्या टेबलावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो. एका घोटानंतर डोळे मिटायचे आणि बोटानं हवेत रेघ ओढायची, नाव नंतर. टोकदार ते सायट्रिक निघालं, येतं आणि जातं. शेपटीची टेकडी मॅलिक, घोट थुंकल्यावरही गालांच्या आत रेंगाळणारं. थरथरती रेघ फॉस्फोरिकची, आणि नाकाकडे पळणारी अॅसेटिकची, ती तर मला वासावरूनच यायला हवी होती.

दुसऱ्या प्रयत्नात मी पास झाले. लाल उजेडात एक बाई हवेत रेघोट्या ओढतेय हे बघून भाजणारा खुदकन हसला, नंतर त्यानंही हळूच बोट उचललं. शेजारणीचे तीन पेपर राहिले आणि पुन्हा बसायला ती आली नाही. "मला हवं होतं ते मिळालं," म्हणाली. मला आधी ती सारवासारव वाटली होती.

आता मी रोज नमुने चाखते. नोकरी दिसते तितकी रंगतदार नाही. पुष्कळसा वेळ दळ तोलणं, कप धुणं आणि "७९ का, ८० का नाही" याची पत्रं लिहिणं यात जातो. एका गुणानं कुणाच्या वर्षभराच्या पिकाचा भाव बदलतो, त्यामुळे ती पत्रं मी दोनदा वाचून पाठवते. दर काही वर्षांनी आपलं मोजमाप पुन्हा तपासून घ्यावं लागतं, तेही वाजवी आहे. जीभ हळूहळू आपल्या आवडीकडे झुकतेच.

शेजारणीनं पाकिटांवर डोंगर काढणं थांबवलं. एका भाजणाऱ्यासाठी ती रेषाच काढते, प्रत्येक लॉटची वेगळी, आणि खालचे दोन शब्द माझे असतात. गेल्या आठवड्यात तिनं एक टेकडी पाठवली. मी कळवलं, शेपूट आखूड आहे.

"शेपूट बरोबर आहे. तू गरम चाखलीस," तिचं उत्तर.

मी पुन्हा केली, आणि पूर्ण थंड होईपर्यंत थांबले. शेपूट बरोबर होती. टेकडीच जरा जास्त उंच होती, तेवढं मात्र मी तिला कळवलं.