स्कमची ए साइड आणि आमचा बंद कूलर

नेपाम डेथ या इंग्लिश बँडचा 'स्कम' हा अल्बम मी पहिली दोन वर्षं चुकीच्या क्रमानं ऐकला, चुकीच्या म्हणजे पार ए-बी-सी-डीच्या क्रमानं. 2004 ची गोष्ट, कॉलेजातल्या एका सिनिअरनं नागपूरच्या बर्डीवरून आणलेल्या कोऱ्या सीडीवर ठासून मेटल भरून दिलं होतं, कव्हर नाही, माहिती नाही, सीडीवर मार्करनं फक्त "खतरनाक" लिहिलेलं. फाइलींना नंबर नव्हते, नुसती गाण्यांची नावं, त्यामुळे कॉम्प्युटरवर विनॅम्प या प्लेअरमध्ये टाकलं की अक्षरांप्रमाणे लागायचं. पहिलं 'ॲज द मशीन रोल्स ऑन', मग 'बॉर्न ऑन युअर नीज', मग 'सी. एस.', मग 'कॉट इन अ ड्रीम', 'कॉमन एनिमी', 'कंट्रोल', असं. आणि दर गाण्याला मला वाटायचं की या लोकांनी काहीतरी घोळ घालून ठेवलाय, एका गाण्यात गिटार चिखलातून ओढल्यासारखी जाड आणि लगेच पुढच्यात सगळं पातळ, सैरावैरा पळतंय, गाणारा पण कोणी दुसराच. मी सिनिअरला म्हटलं, भाऊ तुझी सीडी खराब आहे. तो म्हणे, खराब तुझे कान आहेत बे.

दोघंही चूक होतो. नंतर कळलं ते असं की 'स्कम'ची ए साइड, म्हणजे रेकॉर्डची पहिली बाजू, एका बँडची आणि बी साइड दुसऱ्या बँडची आहे, नाव तेच, ड्रमर तोच, बाकी माणसं सगळी वेगळी. आणि विनॅम्पनं योगायोगानं पहिली सहा-सात गाणी अशी पत्त्यांसारखी पिसली होती की एक बी साइडचं, एक ए साइडचं, एक बी, एक ए. म्हणजे माझे कान शाबूत होते हे सिद्ध झालं, पण तोवर सिनिअर पुण्याला गेला होता.

तर ए साइड. ऑगस्ट 1986, बर्मिंगहॅममधला रिच बिच नावाचा स्टुडिओ (हो, असंच नाव आहे), पन्नास पौंडांचा खर्च. निक बुलेन गायला आणि बास गिटारही त्याचीच, गिटारवर जस्टिन ब्रॉडरिक, ड्रमवर मिक हॅरिस. तीनच जण, आणि ब्रॉडरिक तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा, म्हणजे आपल्याकडे त्या वयात पोट्टे बारावीच्या शिकवणीला जाऊन राहतात. बारा गाणी वाजवली. आपण आता जो अल्बम म्हणतो त्याची पहिली बाजू रेकॉर्ड करतोय असं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं, ती टेप पुढे नुसती पडून राहिली, आणि मधल्या नऊ महिन्यांत बुलेन गेला, ब्रॉडरिक गेला. उरला हॅरिस. मग नॉटिंगहॅमचा डिग्बी पिअर्सन, ज्यानं इअरेक नावाचं रेकॉर्ड लेबल काढलं होतं, त्यानं ती टेप घेतली, आणि मे 1987 मध्ये त्याच स्टुडिओत हॅरिस नवी माणसं घेऊन गेला: गायला ली डोरियन, ज्यानं त्याआधी कुठल्या बँडमध्ये गायलेलंच नव्हतं, गिटारवर बिल स्टीर, बासवर जिम व्हाइटली. सोळा गाणी. दोन्ही मिळून अठ्ठावीस गाणी आणि वेळ तेहतीस मिनिटांच्या आसपास, आणि जुलै 1987 ला रेकॉर्ड बाहेर.

एवढं कळल्यावर मी फाइलींना हातानं नंबर दिले आणि पहिल्यांदा सरळ क्रमानं ऐकलं, आणि खरं सांगतो, बँड कळला तो त्या दिवशी.

एक गंमत मध्येच सांगून टाकतो. हा बँड सुरू झाला मेरिडन नावाच्या गावात, कॉव्हेन्ट्रीजवळ, 1981 मध्ये, बुलेन आणि माइल्स रॅटलेज नावाचा ड्रमर, दोघंही शाळकरी पोरं. हे मेरिडन म्हणजे इंग्लंडचा मध्यबिंदू असं तिथले लोक पूर्वापार सांगत आलेत. आता नागपूरच्या माणसाला हे वाचून काय होणार सांगा. आपला झिरो माइल, तो खांब आणि ते चार घोडे, लहानपणापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अभिमानानं दाखवलेला, "हा भारताचा मध्य". (तो दगड मुळात इंग्रजांच्या जमीनमोजणीचा, पण हे पाहुण्यांना कोण सांगते.) मी आमच्या बँडच्या ड्रमरला म्हटलं, पाह्य, मध्यावरच्या पोट्ट्यांनाच असा आवाज सुचते, चारही बाजूंनी समुद्र लांब, करायचं काय.

ए साइडमध्ये मला काय आवडतं ते नीट सांगायचा प्रयत्न करतो. सुरुवात 'मल्टिनॅशनल कॉर्पोरेशन्स'नं होते, ते धड गाणंही नाही, मिनिटभर नुसता फीडबॅक (गिटारच्या ॲम्पमधून निघणारी किंचाळती शिट्टी) आणि झांजांचा गोंगाट आणि त्यातून कोणीतरी कण्हल्यासारखं ओरडतंय. मग 'इन्स्टिंक्ट ऑफ सर्व्हायव्हल' सुटतं. लोकांना वाटतं स्कम म्हणजे फक्त वेग, पण ए साइडवर संथ भाग भरपूर आहेत, 'स्कम' हे गाणं स्वतः अडीच मिनिटांचं, 'सीज ऑफ पॉवर' तर चार मिनिटांच्या घरात. त्या संथ रिफमध्ये, म्हणजे परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात, सेल्टिक फ्रॉस्ट ऐकू येतो, त्या स्विस बँडचा जड, ओढत चालणारा ठेका, आणि तो तसाच चालत असताना हॅरिस अचानक ब्लास्ट बीटवर जातो. ब्लास्ट बीट म्हणजे स्नेअर आणि बास ड्रम आलटून पालटून इतक्या वेगानं मारायचे की ठोके मोजता येत नाहीत, एक सलग घरघर होते. ज्यांनी नागपूरच्या उन्हाळ्यात डोक्याशी कूलर घेऊन झोप काढलीय त्यांना वेगळं समजवायची गरज नाही, पंखा कुठेतरी पत्र्याला घासायला लागला की जो आवाज येतो, तो. त्या आवाजाची नंतर अंगाई होऊन जाते. ब्लास्ट बीटचंही तसंच, पहिले पंधरा सेकंद त्रास, मग त्याच्या खालची रिफ ऐकू यायला लागते.

आणि ए साइडचा शेवट 'यू सफर'. 1.316 सेकंदांचं गाणं, गिनीज बुकात जगातलं सगळ्यात छोटं गाणं म्हणून नोंद आहे, शब्द चार. मला पहिल्यांदा वाटलं फाइल अर्धवट कॉपी झाली, परत मागून आणली, परत तेवढीच. बरं, वाय अक्षरामुळे माझ्या विनॅम्पमध्येही ते सगळ्यात शेवटी यायचं. तेवढं एक गाणं मी दोन वर्षं बरोबर जागेवर ऐकलं, अल्बमच्या नाही तर निदान बाजूच्या शेवटी.

बी साइड वेगळ्या जातीची आहे. गाणी मिनिटभराची, कित्येक अर्ध्या मिनिटाची, संथ भाग जवळपास गेलेच, आणि डोरियनच्या खालच्या गुरगुरण्यावर ड्रम वाजवता वाजवता हॅरिस स्वतः वरच्या पट्टीत किंचाळतो, दोन कुत्री एका हाडावर आल्यासारखं. पुढे ज्याला ग्राइंडकोर म्हणायला लागले ते खरं तर या बाजूवर जास्त आहे, जॉन पील या रेडिओ निवेदकानं बीबीसीवर वाजवून वाजवून हे घराघरात नेलं, त्याच वर्षी बँडला आपल्या कार्यक्रमासाठी रेकॉर्डिंगलाही बोलावलं. जाणकार लोक बी साइडला मान देतात. मी नाही. म्हणजे मान देतो, पण ऐकायला ए साइडच लावतो, कारण बी साइडला आपण काय करतोय हे माहीत आहे आणि ए साइडला अजून माहीत नाही, पंक आहे की मेटल आहे की नुसता राग आहे हे तीन पोरं वाजवता वाजवता शोधून राहिली आहेत, आणि ते शोधणं टेपवर आलंय. मी बास वाजवायचो म्हणून असेल, पण ए साइडवरचा तो फाटका, डिस्टॉर्शनमध्ये बुडवलेला बास मला अजून कुठे तसा मिळाला नाही.

आता आमचं. नेपाम डेथ आणि आम्ही एका वाक्यात आणतोय याबद्दल माफी, पण ब्लॉग माझा आहे.

मे 2006. त्रिमूर्ती नगरमध्ये ड्रमरच्या घरी वरची खोली, घरचे लग्नाला अमरावतीला गेलेले. चार पोट्टे, एक कॉम्प्युटर, दोन माइक, त्यातला एक गणपती मंडळाच्या साउंडवाल्याकडून मागून आणलेला. बाहेर पंचेचाळीस डिग्री. आणि कूलर लावता येत नव्हता, कारण कूलर लावला की ड्रमच्या माइकमध्ये फक्त कूलर. खिडक्या पण बंद, गाद्या लावलेल्या, शेजाऱ्यांसाठी. एक गाणं वाजवायचं, कूलर लावून पाच मिनिटं त्याच्यापुढे ओळीनं उभं राहायचं, पाणी प्यायचं, कूलर बंद, पुढचं गाणं. दुपारी तिसऱ्या गाण्याच्या मध्यात लाईन गेली आणि सेव्ह न केलेला टेक गेला, तो आमच्या मते आमचा सगळ्यात भारी टेक होता, अर्थात गेलेला टेक नेहमीच भारी असतो. शेजारच्या काकू गेटवरून ओरडल्या, "काहून रे, काय फोडून राहिले वर?" ड्रमर खाली वाकून म्हणाला, "काकू, प्रॅक्टिस सुरू आहे." काकू म्हणाल्या, "मग वाजवता कधी येईन तुम्हाले?" यावर उत्तर नव्हतं. दुपारी चारला त्याच काकूंनी पन्हं पाठवलं.

चार गाणी झाली. पहिल्या गाण्याआधी आम्ही मारबतीचा आवाज लावला होता, आदल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत वॉकमनच्या रेकॉर्डरवर घेतलेला. बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे दोन मोठे पुतळे, शंभरावर वर्षांची परंपरा, आणि सोबत बडगे, म्हणजे महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचा पुतळा. सगळं गाव ओरडतं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत", आणि मग ते जाळतात. स्कमचं कव्हर, जे पुढे कार्कास नावाच्या बँडच्या जेफ वॉकरनं काढलेलं आहे म्हणून कळलं, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बडगाच आठवला. कवट्यांचा ढीग, त्यात मोठमोठ्या कंपन्यांचे लोगो, मागे सुटाबुटातली माणसं, पुढे उपाशी कुटुंब. हे कव्हर ताणून कापडावर लावलं आणि बांबूला बांधलं तर इतवारीत कोणी वळून पाहणार नाही, म्हणतील यंदाचा बडगा चांगला केला. राग काढायचा तर मोठ्यानं, चौकात, आणि बेसूर, हे आम्हाला बर्मिंगहॅमनं शिकवायची गरज नव्हती, फक्त त्याला गिटार लावता येते हे माहीत नव्हतं.

बाकीची चार गाणी दिवाळीत करू असं ठरलं. जूनमध्ये गिटारवाल्याला हिंजवडीत नोकरी लागली, गाणारा एम.बी.ए. करायला गेला, मी पण ऑगस्टमध्ये बॅग भरली. नागपूरचे बँड भांडून तुटत नाहीत, पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसून तुटतात. मागे राहिला ड्रमर. त्यानं वर्षा-दीड वर्षात नवे पोट्टे धरले, त्याच नावानं, त्याच खोलीत उरलेली चार गाणी वाजवली, आणि मला तेव्हा फोनवर सांगितलं होतं. मला राग आला होता. आमचं नाव काहून वापरलं असं काहीतरी बोललो पण. तो म्हणाला, "तुम्ही गेले ना बे, नाव थोडी गेलं." मी त्या चार गाण्यांची फाइल मागितली नाही आणि त्यानं पाठवली नाही.

हॅरिसबद्दल मी तेव्हा असा विचार केलाच नव्हता. दोन्ही बाजूंवर असलेला एकटा माणूस, ज्याला निघून गेलेल्यांची गाणी टाकून देऊन कोरी करकरीत सुरुवात करता आली असती, पण ती टेप पहिली बाजू म्हणून राहिली, आणि गेलेल्यांची नावं कव्हरवर आली. तो स्वतःही 1991 मध्ये गेला. आज बँड जोरात सुरू आहे आणि त्यात 'स्कम'वर वाजवलेला एकही माणूस नाही. ब्रॉडरिकनं गॉडफ्लेश काढला, स्टीर कार्कासमध्ये, डोरियननं कॅथीड्रल, जो इतका संथ बँड की बी साइड ऐकून विश्वास बसणार नाही. सगळ्यांचं बरं झालं.

तर मागच्या आठवड्यात ड्रमरचा व्हॉट्सॲपवर मेसेज, "जुनी हार्ड डिस्क सापडली", आणि खाली आठ फाइली. नंबर दिलेले. एक ते चार आमच्या, पाच ते आठ त्यांच्या. रात्री हेडफोन लावून सलग ऐकलं. पाच ते आठ आमच्यापेक्षा बऱ्याच चांगल्या आहेत, हे मी इथे लिहून देतो म्हणजे त्याला फोनवर सांगावं लागणार नाही. त्यांचा बासवाला सुरात आहे. आमच्या चारमध्ये ड्रम सोडून काहीच वेळेवर नाही, तिसऱ्या गाण्यात मी सरळसरळ दुसरीच रिफ वाजवतोय.

पण चौथ्या फाइलीच्या शेवटी, गिटारचा फीडबॅक अजून पुरता विझला नाही तेवढ्यात, बटणाचा कट्ट आवाज येतो, मग पंखा गरगरायला लागतो, मग पंप पाणी ओढायला लागतो, आणि कोणीतरी, बहुतेक मीच, लांबून ओरडतं, "अबे बंद कर, रेकॉर्डिंग चालू आहे ना." कोणी बंद करत नाही. पुढची चाळीस सेकंद नुसता कूलर आहे.