खड्ड्याच्या मातीत खरपुडी

भुलेश्वर रांगेतल्या एका टेकडीच्या माथ्यावर आमचे चार चौकोन आहेत. एक मीटर बाय एक मीटर, कोपऱ्यांना लोखंडी खुंट. दर पावसाळ्यात तिथं काय काय उगवतं, ते मी गुडघे टेकून मोजते. पुण्याची वस्ती पायथ्याला येऊन भिडलीय, वरून क्रेनच क्रेन दिसतात.

श्रावणातल्या त्या सकाळी पहिला चौकोन सापडेचना. खुंट उपटून बाजूला टाकलेले, आणि मध्ये दोन फुटी खड्डा. वीतभर मातीखाली मुरूम लागला तसा तो पहारीनं फोडलेला. पुढं ओळीनं खड्डेच खड्डे, शेजारी करंज आणि पिंपळाची रोपं, आणि उत्साहानं काम करणारी शाळेतली मुलं. मला बोलवेना.

या रांगेत सिंहगडाच्या अंगाला पाऊस भरपूर, उतारांवर कारवी आणि दाट झाडोरा. दिवे घाटाकडं सरकावं तसा पाऊस आटत जातो, माती पातळ होते आणि कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं राज्य करतात. त्यांच्या आधारानं मुसळी, नभाळी, तुतारी, भुईआमऱ्या फुलतात. यातल्या कितीतरी वनस्पती वर्षातले सात-आठ महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपून असतात. वणवा गेला, गुरं फिरली, तरी जूनमध्ये पुन्हा वर येतात. ऊन हवं त्यांना, मोकळं ऊन. सावली पडली की संपल्या. कागदोपत्री मात्र अशा जमिनीला पडीक म्हणायची आपल्याकडं जुनी सवय आहे, आणि पडीक म्हटलं की झाडं लावायला कोणी विचारत नाही.

खड्ड्याच्या ढिगाऱ्यात पांढुरके, चपटे कंद पडले होते. खरपुडीचे, म्हणजे गवतावर चढणाऱ्या कंदीलफुलाच्या वेलाचे. वेल तुटलेले.

एक मुलगी रोप घेऊन जवळ आली. "मॅडम, इथं नुसतं गवतच होतं ना?"

मी तिला न खणलेल्या चौकोनाशी नेलं. कुसळीच्या काडीला वेटोळं घालून चढलेला खरपुडीचा एक वेल होता आणि त्याला बोटाएवढं फूल. खाली फुगीर, वर अरुंद नळी, टोकाला पाकळ्या जुळून झालेला कंदील. भिंग तिच्या हाती दिलं. नळीत आतल्या बाजूनं केस असतात, टोकं खाली वळलेली. वासानं ओढलेली बारीक माशी आत घसरते, तिला वर चढता येत नाही. तिच्या अंगाला पराग चिकटतो. मग केस कोमेजतात आणि माशी सुटते, ती दुसऱ्या कंदिलाकडं. ती मुलगी बराच वेळ पाहत राहिली. "आत काहीतरी हलतंय," ती म्हणाली. खरंच हलत होतं.

गुरं घेऊन आलेल्या एक मावशी ढिगाऱ्याशी थांबल्या. कंद उचलून पदराला पुसला. "ताई, ह्या खरपुड्या. गुरं राखताना आम्ही कच्च्याच खायचो. आता हुडकाव्या लागत्यात."

झाडं लावायच्या या मोहिमेच्या प्रमुखांशी बोलले. ऐकून ते गप्प झाले, कारण त्यांनाही टेकडी हिरवीच हवी होती. मी एवढंच म्हटलं की माती खोल आहे तिथं, ओढ्याच्या काठाला लावा. इथं मुरमावर ही रोपं उन्हाळा काढणार नाहीत, आणि जे जगत होतं तेही जाईल. उरलेली रोपं मुलांनी खाली नेली. माथ्यावरचे बरेच खड्डे दुपारपर्यंत कंद परत आत ठेवून बुजवले. मावशींनी कंदाची डोळ्याची, म्हणजे कोंब फुटतो ती बाजू वर ठेवायला शिकवलं.

चारातले दोन चौकोन शाबूत राहिले. बुजवलेल्या जागांभोवती मुलांनी दगड मांडलेत. वेल तुटलेत, त्यामुळं यंदा तिथं काही दिसायचं नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर जायचं ठरलंय, ती मुलगी येणार आहे.