नवा व्हीआर हेडसेट आणि कॉकपिटमधली नजर

विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी (व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाचे हेडसेट चालवणारी विंडोजमधली सोय) बंद करणार असं मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनही टाकली. माझा जुना हेडसेट तिच्यावरच चालायचा. म्हणजे एक तर संगणक २३एच२ वर थांबवून ठेवायचा, नाहीतर हेडसेट बदलायचा. काही काळ थांबवून ठेवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४, म्हणजे घरच्या संगणकावर विमान उडवायचं 'सिम', आलं, आणि त्यानंतर जुन्या विंडोजला किती दिवस धरून बसायचं हा विचार रोजचाच झाला. शेवटी मेटा क्वेस्ट ३ घेतला. माझ्या ओळखीतले दोघं-तिघं सध्या याच विचारात आहेत, म्हणून काय काय करावं लागलं ते जरा तपशिलात लिहितो.

पुन्हा मॉनिटरवर जायचा प्रश्नच नव्हता. का, ते लोहगावच्या (पुणे विमानतळाच्या) सर्किटवरून, म्हणजे उड्डाण करून विमानतळाला चौकोनी फेरा मारून परत उतरण्यावरून, सांगतो. रनवे १०-२८, उंची समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट, त्यामुळे सर्किटमध्ये अल्टिमीटर (उंची दाखवणारा मीटर) साधारण ३,००० वर ठेवायचा. सिममध्ये मी २८ वरून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, सेसना १७२ हे छोटं विमान उचलतो, डावीकडे वळतो, शहराच्या अंगाने खराडीच्या दिशेला येतो, आणि रनवेचं टोक डाव्या खांद्याच्या मागे ४५ अंशांवर गेलं की बेस लेगला, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्याला, वळतो. मॉनिटरवर हे ४५ अंश कळत नाहीत. बटण दाबून कॅमेरा फिरवावा लागतो आणि तेवढ्यात समोरचं क्षितिज हातचं जातं. हेडसेट घातला की खांद्यावरून मागे वळून बघायचं, रनवे तिथेच असतो. किती लांब, किती खाली, हे आकडे न वाचता कळतं. हे एकदा अनुभवलं की सपाट पडद्यावर लँडिंग करावंसं वाटत नाही.

आता हेडसेटचं. जुन्याचं रेझोल्यूशन प्रत्येक डोळ्याला २१६० बाय २१६०, नव्याचं २०६४ बाय २२०८. जवळपास सारखंच. 'मग पैसे कशाला घालतोस?' असं मित्रांनी विचारलं, आणि कागदावर बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. फरक पडला तो लेन्समुळे. जुन्यात फ्रेनेल लेन्स होत्या, वर्तुळाकार खाचा असलेल्या. त्यात चित्र मध्यभागी सुरेख दिसतं, पण मध्यापासून नजर थोडी ढळली की पुसट होतं. त्यामुळे अल्टिमीटर वाचायचा असेल तर नाक अल्टिमीटरकडे न्यायचं, वेग बघायचा तर नाक डावीकडे वळवायचं, अशी सवय लागते.

ही सवय माझ्या भाच्याने पकडली. तो बारामतीला कमर्शियल पायलट लायसन्ससाठी शिकतोय, ज्याला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. सुट्टीला घरी आला तेव्हा मला हेडसेटमध्ये दिसणारं चित्र मॉनिटरवर बघत बसला होता. म्हणाला, "मामा, प्रत्येक मीटरला मान का फिरवतोस? नजर फिरव ना." मग त्यांना शिकवतात ती पद्धत त्याने बोट ठेवून दाखवली: मधोमध कृत्रिम क्षितिज, तिथून नजर वेगावर, परत क्षितिजावर, तिथून उंचीवर, परत क्षितिजावर. मान जवळपास स्थिर. खऱ्या विमानात ढगातून वळण घेताना मान झटक्यात हलवली तर अंतर्कर्णातल्या द्रवामुळे विमान भलतीकडेच कलल्याचा भास होतो, म्हणून ही शिस्त पहिल्यापासून लावतात. जुन्या हेडसेटमध्ये ती पाळताच येत नव्हती, कारण नजर फिरवून काही वाचताच येत नव्हतं.

क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक लेन्स आहेत आणि चित्र कडेपर्यंत स्पष्ट राहतं. पहिल्यांदा सेसनाच्या कॉकपिटमध्ये बसलो, मान सरळ ठेवली आणि फक्त बुबुळं उजवीकडे नेली. अल्टिमीटरच्या खिडकीतला दाबाचा आकडा वाचता आला! माझ्या मते या सगळ्या बदलात मोलाची गोष्ट ही एकच. बाकी सगळं तिच्यासाठी मोजलेली किंमत.

ती किंमत म्हणजे चित्र हेडसेटपर्यंत पोचवणं. जुना हेडसेट डिस्प्लेपोर्टच्या वायरने थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेला असायचा, चित्र जसंच्या तसं यायचं. क्वेस्टला डिस्प्लेपोर्ट नाही. संगणक चित्र दाबून लहान करतो, ते यूएसबीने किंवा वाय-फायने पाठवतो आणि हेडसेट ते उलगडतो. मी वाय-फाय निवडलं, 'व्हर्च्युअल डेस्कटॉप' हे अ‍ॅप विकत घेऊन.

आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात राउटर आहे, काही घरांत दोन. हॉलमधल्या राउटरवरून बेडरूममध्ये चित्र आणायचा प्रयत्न केला तर मधेच गोठायचं, आणि उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, फायनल अ‍ॅप्रोचला चित्र अर्धा सेकंद गोठलं तरी पोटात ढवळतं. म्हणून वाय-फाय ६ चा वेगळा राउटर आणला, तो अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पुरवणारा) करून संगणकाच्या टेबलावर ठेवला आणि संगणक त्याला लॅन केबलने जोडला. संगणक वायरनेच जोडलेला हवा, हे अगदी महत्त्वाचं आहे. संगणकही वाय-फायवर आणि हेडसेटही वाय-फायवर असेल तर तीच हवा दोनदा वापरली जाते. या राउटरवर हेडसेटशिवाय काहीही जोडायचं नाही असा नियम घरात सांगून टाकला, मुलीच्या फोनलासुद्धा पासवर्ड दिलेला नाही. मोबाइलवरच्या वाय-फाय अ‍ॅनालायझरने बघितलं तर शेजारपाजारची गर्दी ३६ ते ४८ या चॅनेलांवर होती. मी १४९ वर गेलो, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. जोडणीचा वेग १२०० मेगाबिट दिसायला लागला आणि गोठणं थांबलं.

व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये एक छोटा तक्ता डोळ्यांसमोर ठेवता येतो. एकूण उशिरातला गेमचा भाग किती, चित्र दाबण्याचा किती, नेटवर्कचा किती, उलगडण्याचा किती, हे तो वेगवेगळं दाखवतो. नवीन माणसाने सगळ्यात आधी तो चालू करावा. नेटवर्कचा आकडा उड्या मारत असेल तर दोष राउटरकडे शोधायचा, गेमचा मोठा असेल तर ग्राफिक्सची सेटिंग उतरवायची. याशिवाय केलेला प्रत्येक बदल अंधारातच असतो.

विंडोजमध्ये आणखी एक गोष्ट राहून जाऊ शकते. सिम ओपनएक्सआर (गेम आणि हेडसेट जोडणारं सामाईक मानक) वापरतं, आणि संगणकात जो ओपनएक्सआर रनटाइम (हे मानक चालवणारा प्रोग्रॅम) चालू म्हणून नोंदलेला असेल त्याच्याकडेच चित्र पाठवतं. जुन्या हेडसेटचा रनटाइम तिथे नोंदलेला राहिला तर कंट्रोल आणि टॅब कितीही दाबा, व्हीआर सुरू होत नाही. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये व्हीडीएक्सआर हा त्याचा स्वतःचा रनटाइम निवडला की हे सुटतं, स्टीमव्हीआर (स्टीम या गेमच्या दुकानाची व्हीआर प्रणाली) मधे आणावंच लागत नाही.

माझं ग्राफिक्स कार्ड एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०७०. ९० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेमचा (चित्रांचा), हट्ट मी धरला नाही, ७२ वर राहिलो. ७२ ला एका फ्रेमसाठी १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१ च. पुण्यावरून खाली उडताना इमारती इतक्या येतात की मला ७२ ही पूर्ण मिळत नाहीत. तेव्हा सिम ३६ फ्रेम देतं आणि मधली प्रत्येक फ्रेम हेडसेट अंदाजाने बनवतो. विमानाच्या पुढच्या पंख्याच्या पात्यांभोवती आणि पंखाच्या कडेला थोडी लहर उठते, पण चित्र एका लयीत राहतं. ही लय मला स्पष्टपणापेक्षा जास्त हवी असते. मळमळ होते ती फ्रेम कमी-जास्त होत राहिल्याने. डीएलएसएसने (लहान चित्र एआयने मोठं करणारी एनव्हीडियाची सोय) फ्रेम वाढतात, मात्र जी१००० सारख्या कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांवरचे हलते आकडे मला पुसट वाटले, म्हणून मी टीएए (चित्राच्या कडा गुळगुळीत करायची पद्धत) ठेवलं आणि ढग, भूभागाचा तपशील थोडा खाली आणला.

डोळ्यांचं काम मात्र संगणकाआधी करून घ्यावं. चष्म्याच्या दुकानात दोन बुबुळांमधलं अंतर मोजून देतात, माझं ६४ मिलिमीटर निघालं. हेडसेटखालचं चाक फिरवून लेन्स तेवढ्या अंतरावर आणायच्या. हे जुळलं नाही तर डोकं दुखतं आणि माणूस उगाच सेटिंगला दोष देत बसतो. चष्मा आत मावतो, पण चष्म्याची काच लेन्सवर घासली तर कायमचा ओरखडा पडतो, म्हणून मी चष्म्याच्या नंबरच्या काचेच्या चकत्या हेडसेटमध्येच बसवून घेतल्या. आणि हेडसेट खिडकीशी कधीही उघडा ठेवू नये. लेन्समधून ऊन एका बिंदूवर जमतं आणि आतला पडदा जळतो. आमची खोली पश्चिमेची, दुपारी ऊन थेट टेबलावर येतं, त्यामुळे वापर झाला की हेडसेट डब्यात.

हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम आणि ते सगळं पुढे. मागे बॅटरी असलेला कडक पट्टा लावला, त्याने तोल सावरला आणि वेळही वाढला, कारण मूळची बॅटरी दोन-सव्वादोन तासच चालते. एप्रिल-मे महिन्यात कापडी गादी घामाने ओली होते. सिलिकॉनची घातली, ती पुसता येते. टेबलफॅन समोरून सोडला की गारवा मिळतोच, शिवाय चेहऱ्यावरच्या वाऱ्यामुळे खरं 'समोर' कुठे आहे हे शरीराला कळत राहतं. मला मळमळीवर याचा खरोखर उपयोग झाला.

काही गोष्टी जुन्याच हेडसेटमध्ये चांगल्या होत्या, हेही सांगायला हवं. पावसाळ्यातल्या मुळशीवरून झाडांच्या डोक्यांना लागून उडलं की दाबलेल्या चित्रातली हिरवाई चिखलासारखी होते. डिस्प्लेपोर्टवर पान न् पान वेगळं दिसायचं. बिटरेट (सेकंदाला पाठवायच्या माहितीचं प्रमाण) वाढवून हे कमी होतं, जात नाही. रात्रीचं उड्डाण दोन्हींत सारखंच, पडदे एलसीडी असल्यामुळे काळं आकाश करडं दिसतं.

हे सगळं जमल्यावर मी विंडोज २४एच२ वर नेलं. जुना हेडसेट मात्र कोणी भंगारात काढू नये. २०२५ मध्ये स्टीमवर 'ओएसिस' नावाचा मोफत ड्रायव्हर आला, त्याने विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचे हेडसेट स्टीमव्हीआरमधून चालतात. त्याला एनव्हीडियाचं कार्ड लागतं, आणि डिस्प्लेपोर्ट त्याच कार्डाला थेट जोडलेला असावा लागतो, लॅपटॉपवाल्यांनी हे आधी तपासावं. भाच्याच्या संगणकात दोन्ही आहे, त्यामुळे तो हेडसेट आता बारामतीला असतो. हे तास लॉगबुकात धरले जात नाहीत, पण चेकलिस्ट पाठ करायला आणि कुठला स्विच कुठे आहे हे हाताच्या सवयीचं व्हायला त्याला तो पुरतो.